शेजारणीच्या जिन्याखाली बसलेलं माझं कपाट

टॉडमॉर्डन, मंगळवार

तीर्थस्वरूप क्लिफर्डदादास,

धाकट्या मेव्हिसचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). बोटं कशी आहेत? तुझ्या गेल्या पत्रातलं अक्षर पाहून तुझा मेहुणा अर्नोल्ड म्हणाला, "यावरून कोंबडी चालत गेली का गं?" मी त्याला गप्प केलं, पण मलाच फार वाईट वाटलं. आता पटाशी धरवत नाही, म्हणून बाबांचं सुतारकामाचं बाक आणि अवजारांची पेटी महिनाअखेर विकतोयस, आणि घेणारा त्या बाकावर पबच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या मांडणार आहे, असं लिहिलंयस. वीक बापडा. बाबांनी तुला बाकापाशी उभं केलं आणि माझ्या हाती ढलप्या झाडायला केरसुणी दिली, वाटणी तेव्हाच झाली. मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही.

मी लिहितेय ते आमच्या जिन्याखालच्या कपाटाबद्दल. अर्नोल्ड ते "येत्या सुट्टीत" करणार होता, अशा अकरा सुट्ट्या झाल्या. तेव्हा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी तंत्रशाळेच्या शनिवार सकाळच्या सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मी सोडून सगळे पुरुष. शिकवणारे मिस्टर ओल्डरॉइड मोजकं बोलतात, पण जिव्हारी लागेल असं. माझा पहिला सांधा त्यांनी उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मेव्हिसबाई, ही फट आहे की पत्रपेटी?" अख्खा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले नाही (थोडीशी रडले, पण बटाटे सोलताना, म्हणजे वेळ वाया गेला नाही). पुढच्या शनिवारी त्याच मापाच्या नऊ खाचा पाडल्या. दहावीत लाकडाची जीभ अशी बसली की बाहेर काढायला हातोडी लागली. दादा, तो आवाज मला ओळखीचा होता. केर काढता काढता मी तो लहानपणभर ऐकलाय.

आता मापं. आमच्या जिन्याखाली अर्नोल्डच्या कबुतरांच्या टोपल्या, इस्त्रीचा पाट आणि रंगाचे एकोणीस डबे. हलवू म्हटलं की कबुतरं आजारी पडतात म्हणे. शेजारच्या डोरिस ग्रीनहॉलच्या जिन्याखाली मात्र एक छत्री. आमच्या गल्लीतली सगळी घरं सारखी, म्हणून मी तिच्याकडे मापं घेतली, तीन-तीनदा, चहा पीत. तेरा शनिवार खपून चौकट आणि तिरकं दार केलं. समोरून फळ्या गुळगुळीत, मागून आडव्या पट्ट्या, सगळं गुण्याला लावून काटकोनात.

कपाट घरी आणलं, अर्नोल्डनं नाइलाजानं टोपल्या हलवल्या, दार उभं केलं, आणि उतरण भलत्याच बाजूला! आमच्या गल्लीतली घरं जोडीजोडीनं, आरशात पाहिल्यासारखी एकमेकांच्या उलट बांधलेली आहेत. डोरिसचा जिना डावीकडे उतरतो, आमचा उजवीकडे. बत्तीस वर्षं मी तिच्याकडे जातेय, पण मेलं लक्षात येईल तर शपथ! उलटं लावावं तर पट्ट्या बाहेर, शर्टावरून बनियन घातल्यासारखं. अर्नोल्ड दाराभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काम झकास झालंय. आता आपणच शेजारी राहायला जाऊ."

ते दार डोरिसकडे रंध्याचा एक हातही न फिरवता बसलं. आता ती आल्यागेल्याला उघडून दाखवते, छत्रीसकट. मी काही हाय खाल्ली नाही. सोमवारी लाकूड आणलं, आणि दुसरं कपाट सात शनिवारांत केलं, आमच्या बाजूचं. ओल्डरॉइडनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "वडील कोण तुमचे?" मी बाबांचं नाव सांगितलं, आणि ढलप्या झाडायला केरसुणी घेतली. वहिनी गेल्यापासून तू नीट जेवतोस ना? सांभाळून राहा.

तुझ्या आशीर्वादाची, आणि चुका काढल्यास तर त्यांचीही, वाट पाहणारी,
मेव्हिस

ता. क. दादा, बाक विकू नकोस. मला हवंय. कुंड्यांना काय, कुठलंही टेबल चालतं.

ता. क. २. विचारत बसले तर तू नाही म्हणशील, म्हणून येत्या रविवारी व्हॅन सांगून ठेवलीय. सकाळी दहा वाजता तुझ्याकडे पोचते. पुढे तिघांची जागा आहे, चालवणारा, मी आणि परतताना तू. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. मला अजून खण जोडता येत नाहीत. शिकवायला बोटं लागत नाहीत, तोंड लागतं, आणि ते तुझं ठणठणीत आहे.

ता. क. ३. बाक आमच्या पुढच्या दारातून आत येणार नाही, म्हणून आज सकाळी मी दार चौकटीसकट काढून ठेवलं. अर्नोल्ड ओव्हरकोट घालून जेवतोय. नाही म्हणायचं असेल तर त्याला कळव.