मागच्या ब्रेकचा परिच्छेद

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१९ मे २०१९, रविवार

प्रिय सावनी,

सहा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अजिनाथ दुपारच्या एसटीनं कन्नडला घरी चाललाय, त्याच्या हाती देते आहे. तू आईकडेच आहेस असं तोच म्हणाला. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, कारण शेवटचा भाग तुला आज संध्याकाळच्या आत कळायला हवा.

आधी त्या मोटरसायकलबद्दल, कारण भांडण तिच्यावरूनच झालं. तुझ्या बायकांच्या ट्रॅक-वर्गाला शेठ शोरूममधल्या सहा गाड्या वापरायला देणार, त्या बदल्यात त्यांना 'नवशिक्यांसाठी योग्य' असा चाचणी अहवाल हवा, आणि तो मी लिहायचा, कारण वाळूजच्या कंपनीत मी गाड्या तपासण्याचंच काम करते. तू बँकेत राजीनामा देऊन मोकळी झालीस, बारा जणींची नावं आली, एक जून तारीख ठरली. तुझं सगळं त्या गाडीवर अवलंबून आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही सांगते, इतकी सोंगाडी वस्तू माझ्या हाताखालून आजवर गेलेली नाही.

माहितीपत्रकात लिहिलंय, 'रेसट्रॅकवर जन्मलेली'. जन्मलेलीला साडीगार्ड कशाला? ट्रॅकवर कोण नऊवारी नेसून मागं बसणार आहे? पुढच्या बाजूला हवा आत जायची म्हणून जी दोन भोकं दिसतात, त्यांत मी बोट घातलं; अर्ध्या इंचावर प्लॅस्टिक लागलं. टायर असे की पाच वर्षं झिजणार नाहीत, म्हणजे दगडासारखे कडक, आणि वळणावर दगडासारखेच सुटणारे. लाल पट्टे काढून टाकले तर आत दूधवाल्याची गाडी आहे, आणि दूधवाल्याची गाडी निदान आपण कोण ते लपवत नाही. जे चांगलं ते मी अहवालात लिहिलंय. क्लच हलका आहे, सीट बुटक्या बाईलाही जमेल अशी आहे, इंजिन अंगावर येत नाही. एवढंच.

चाचणीची जागाही गाडीला शोभणारी निघाली. शेंद्र्याच्या पुढं शेठच्या भावाची प्लॉटिंग आहे ना, तीच तुझा 'ट्रॅक'. कमानीवर फायबरचे दोन घोडे, आत गुळगुळीत डांबरी रस्ते, विजेचे खांब, 'जलतरण तलाव नियोजित' अशी पाटी आणि एकही घर नाही. बोअर साडेसहाशे फुटांवर गेला तरी धूळच वर आली. आमच्याकडे आठव्या दिवशी नळ येतो, तिथं तर नळच नाही. पण 'शहर इकडंच वाढणार' म्हणून लोक अजून प्लॉट बघायला येतात. त्यातला एक जण आम्हालाच विचारत होता, की मोटरसायकलींच्या शर्यतीमुळे भाव वाढेल का.

अजिनाथ शर्यतीत गाड्या पळवणारा, त्यानं साठच्या वेगावरून बारा वेळा गाडी थांबवली. मी टेप धरून अंतरं मोजली. अठरा मीटर, साडेसतरा, पुन्हा अठरा. निर्दोष. गाडी सरळ रेषेत थांबायची. मी त्याला विचारलं, मागचा ब्रेक कसा आहे? तो हसला. "ताई, पळवताना मागचा ब्रेक कोन लावतं? पाय नुसता ठिवायला आसतो." तिथंच माझ्या डोक्यात काहीतरी हललं. गाडीला पुढच्या चाकाला एबीएस आहे, म्हणजे कितीही घाबरून दाबलं तरी ते चाक जाम होत नाही. मागच्या चाकाला तसलं काहीही नाही. नियमात बसतं तेवढंच दिलंय, वर एक पैशाचं नाही. आणि बारा वेळा थांबवली ती अशा माणसानं, जो मागच्या ब्रेकला हात तर सोड, पायही लावत नाही.

आता आठव, आपण गाडी कुठं शिकलो. दुष्काळात कन्नडजवळचा पाझर तलाव पार आटला होता, त्या भेगाळलेल्या तळात बाबा आपल्याला घेऊन गेले होते. अक्षरं मी त्यांच्याकडूनच गिरवली, गणितही, आणि गाडीही. गाडीचा पहिला धडा काय होता? "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, पोरींनो, तोंडावर आपटाल." तू पाठीमागून ओरडली होतीस, "काका, मग तो दिलाय कशाला?" आणि ते म्हणाले होते, "शोभेला." कच्च्या रस्त्यावर, मुरमावर ते खरंही असेल. पण बाबांनीच कशाला, मराठवाड्यातल्या प्रत्येक बापानं, भावानं, नवऱ्यानं हेच शिकवलंय. तुझ्या बारा जणींतल्या बाराही जणी पायानं थांबणाऱ्या आहेत. मी फोन करून एकेकीला विचारलं. बाराही.

म्हणून तेराव्या वेळी मी स्वतः बसले. मला पळवायला येत नाही, मला भीती वाटते, आणि अशा चाचणीला असाच माणूस लागतो. पन्नासवर गेले. अजिनाथनं रुमाल खाली केला की पुढचा ब्रेक धरायचा हे मनात घोकत होते, आणि दाबला मागचा. सगळा जीव पायात आला. मागचं चाक जाम झालं, घसरत डावीकडं निघालं, आणि मी फुटपाथच्या दगडापासून हातभर अंतरावर आडवी थांबले. पडले नाही, यात माझं कर्तृत्व शून्य. मग हा माझ्या घाबरटपणाचा दोष की गाडीचा, हे बघायला पुन्हा बसले. पुन्हा तेच. अजिनाथ रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या काळ्या पट्ट्याशी वाकला आणि म्हणाला, "आमच्या अंबीचं नाव खोडा मंग." त्याची बहीण अंबिका तुझ्या यादीत चौथी आहे.

हे मी तुला सोमवारी सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "तू जन्मभर घाबरत राहणार आणि त्याला तपासणी म्हणणार." लागलं मला ते. तीन दिवस मी स्वतःलाच तपासत बसले, की या गाडीचा मला इतका राग येतो तो तिच्या मागच्या चाकाचा की तुझ्या धाडसाचा. थोडा हेवा आहे, सावनी. नोकरी सोडायची माझी छाती झाली नसती. पण तो काळा पट्टा हेव्यानं उमटलेला नाही. मोजला तेव्हा एकोणीस मीटर भरला. म्हणून तीन पानं लिहिली, त्यात मागच्या ब्रेकचा एक आख्खा परिच्छेद, आणि काल शोरूमला घेऊन गेले.

शेठनी माझे कागद हातातच घेतले नाहीत. ड्रॉवर उघडून दुसरे काढले. "अहो ताई, तुमचा अहवाल सोमवारी संध्याकाळीच आलाय की! सावनीताईंनी आणून दिला." दीड पान. खाली माझं नाव, माझी सही. सही छान जमली आहे. कॉलेजात तू माझी हजेरी लावायचीस तेव्हापासून तुझा हात बसलाय. मजकूर मात्र भिकार आहे. 'मागील ब्रेकची कामगिरी समाधानकारक आढळली.' समाधानकारक! मी मीटर लिहिते, सावनी. हा शब्द मी आयुष्यात कुठल्या अहवालात लिहिलेला नाही, आणि तुला ते माहीत होतं.

मी शेठना सांगितलं की तो अहवाल माझाच, घाईत लिहिला, चुकला, रद्द समजा. ते म्हणाले, "मग तुमच्या सहीला किंमत काय राहिली?" गाड्या ते आता देणार नाहीत, आणि माझ्या कंपनीलाही कळवणार आहेत. आज संध्याकाळी ते तुझ्या आईच्या नंबरवर फोन करतील. तुला मी ओळखते, समोरून कुणी आवाज चढवला की तू खरं बोलून मोकळी होतेस. आज तसं करू नकोस. स्वरदानं बंद पाकीट दिलं, ते मी पोचवलं, एवढंच म्हण. बँकेत तुला परत घ्यायची शक्यता असेल तर ती या कागदानं जायला नको. दीड पान मी मागून आणलंय, कपाटात ठेवलंय. फाडणार नाही, कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्यासाठी पुन्हा खोटंही बोलणार नाही. बारा जणींना वर्ग पुढं गेल्याचा फोन तूच कर. पहिला अंबिकाला.

तुझीच,
स्वरदा
(ही सही मी केली आहे.)