दुसरा दांडा

मानहाइम, रविवार, ५ मार्च १९६७

प्रिय सुधा,

तुझ्या आईवर घोर अन्याय झाला आहे आणि त्याची दाद लावून घ्यायला या देशात न्यायालय नाही. कारखान्यानं नाताळपासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. ते जर्मन डोकं मनात धरून घडवलेलं. त्यात अंबाड्याची सोय नाही. माझ्या अंबाड्यावर ते कळसासारखं चढून बसतं आणि मी मान वळवली तरी आपलं पहिल्याच दिशेला बघत राहतं. मी तक्रार केली, तर चार पुरुषांची समिती नेमली. त्या चौघांच्या डोक्यावरचे केस एकत्र केले तरी एक अंबाडा व्हायचा नाही. त्यांनी पट्टी आणून माझा अंबाडा मोजला, गंभीर चेहऱ्यानं माप लिहून घेतलं आणि ठरवलं की प्रश्न अवघड आहे, पुन्हा बसू. तोवर मी डोकं सांभाळावं.

हे आधी लिहिलं, कारण दुसरं लिहायला हात धजत नाही. परवा शुक्रवारी नोकरभरतीच्या फ्राउ वेंट्स माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवून गेल्या. जाताना विचारलं, फ्राउ डॉक्टर, भारतात हे आडनाव फार आढळतं का हो? मी म्हटलं, आमच्या घरात फार आढळतं. बर्लिनचा डिप्लोमा, विषय उच्च दाबाची वीज, आणि जागा हवी ती थेट माझ्या चाचणीघरात. आईला विचारणं नाही, सांगणं नाही! घ्यावं की घेऊ नये, हा शेरा मीच द्यायचा आहे, उद्या सकाळी. तुझ्या बाबांना अर्ज दाखवला तर ते म्हणाले, अगं, पेढे करायला हवेत, आणि दूध आणायला निघालेसुद्धा. त्यांना गुरुवारचं काही ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, आणि हे वाचून झाल्यावर नेहमीसारखं जर्मनमध्ये चार ओळींत उत्तर पाठवू नकोस.

तुझी समजूत आहे की तुझ्या आईला भीती नावाची वस्तू माहीत नाही. ही समजूत मीच वाढवली. मी या चाचणीच्या हॉलमध्ये आले त्या पहिल्या दिवशी एकानं मोठ्या सौजन्यानं मला फरशी पुसायची बादली कुठे ठेवतात ते दाखवलं. मी त्याचे आभार मानले आणि बादली त्याच्याच हातात देऊन मोजमापाच्या खोलीत गेले. चार वर्षांपूर्वी हॉल माझ्या हाती आला, तेव्हा दिल्लीहून एक शिष्टमंडळ आलं होतं, त्यांनी विकत घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरची परीक्षा बघायला. साडी पाहून त्यांच्या प्रमुखांना भरून आलं. म्हणाले, बहनजी, इथे चहा मिळेल का, आणि बडे साहेब केव्हा येणार? मी चहा मागवला. त्यांचा चहा होईपर्यंत परीक्षा उरकली, ट्रान्सफॉर्मर नापास केला आणि त्यांच्यासमोरच सही ठोकली. प्रमुखांनी बशी खाली ठेवली. ही गोष्ट मी दर दिवाळीला सांगते आणि तू दर दिवाळीला हसतेस. त्या सहीच्या आदल्या रात्री मला तीनदा उलटी झाली होती, हे मात्र दिवाळीच्या गोष्टीत येत नाही.

आता क्लेटबद्दल. हेर क्लेट आमचा सर्वांत जुना फोरमन. आमच्या हॉलमधले मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही आत वीज धरून राहतात, हे तू पुस्तकात वाचलं आहेसच. म्हणून काम थांबलं की त्यांच्याभोवतीच्या कुंपणातून मी लांब अर्थिंगचा दांडा घालून कपॅसिटरला टेकवते. आत काही उरलं असेल तर दांड्याच्या तारेतून जमिनीत जातं. मग मी ‘फ्राय’ म्हणते, म्हणजे आता निर्धोक, आत चला, आणि पहिलं पाऊल माझं असतं. माझ्या आधीच्या साहेबाच्या शब्दावर माणसं डोळे मिटून आत जात. मी प्रमुख झाले त्या पहिल्याच दिवशी माझं ‘फ्राय’ म्हणून होतंय तोच क्लेटनं कोपऱ्यातला दुसरा दांडा उचलला आणि मी टेकवला होता तिथेच पुन्हा टेकवला. सगळ्यांदेखत. माझ्याकडे न बघता. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. मी जळले, सुधे. पण रागावले असते तर त्यांना हवं तेच झालं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी लेखी नियमच काढला: तर, इथून पुढे दांडा कोणीही लावो, मी लावो की डायरेक्टर, त्याच्यामागून दुसऱ्यानं दुसरा दांडा लावायचाच. क्लेटचा अपमान मी कारखान्याचा कायदा करून टाकला. किती खूष झाले होते मी स्वतःवर!

गुरुवारी दुपारी मी दांडा टेकवला. ठिणगी पडली नाही. पुष्कळदा पडतही नाही, म्हणून मला काही वाटलं नाही. मी ‘फ्राय’ म्हटलं, फाटक उघडलं आणि पाय उचलला. क्लेट मागून त्याचा दांडा टेकवत होता, चार वर्षं रोज टेकवतो तसाच, त्याच आंबट तोंडानं. एकदम तोफ उडावी तसा आवाज झाला. निळा उजेड पडला, क्लेटच्या दांड्याचं टोक वितळून गेलं आणि माझ्या तोंडात तांब्याची चव आली. माझ्या दांड्याची तार रबराच्या आतून तुटलेली होती. वरून अगदी धड. वीज सगळी तिथेच बसली होती, माझी वाट बघत. एक पाऊल, बाळ. मी पाय खाली ठेवला, फाटक लावलं, तो दांडा मोडीत काढला, सगळे दांडे तपासायला लावले, आणि मग बायकांच्या न्हाणीघरात जाऊन जमिनीवर बसले. त्या न्हाणीघरात मी एकटीच जाते, ही पदाची एक सोय आहे. अजून रात्री डोळा लागला की तो निळा उजेड येतो, आणि शुक्रवारपासून त्या उजेडात फाटकाशी मी नसते, तू असतेस. माझ्या तोंडून ‘फ्राय’ निघतं आणि तू आईचा शब्द म्हणून हसत आत जातेस.

काल सकाळभर मी ‘घेऊ नये’ असं लिहीत होते. कारणं फार सुंदर सुचली: नात्यागोत्याचा वशिला दिसेल, अनुभव कमी आहे, मुलगी आहे. हे तिसरं माझ्या पेनातून उतरलेलं बघितलं आणि मी कागद फाडला. आता ‘घ्यावं’ असा शेरा लिहून पाकिटात घातला आहे. पण तू इथे पाऊल टाकण्याआधी तुझ्याकडून एक वचन हवं, त्यासाठीच हे पत्र. लहानपणापासून आई सांगते ते खरं, असं मी तुझ्या मनावर बिंबवलं. ते या हॉलच्या दारात ठेवून ये. मी ‘फ्राय’ म्हटलं की माझ्याकडे बघू नकोस, दुसरा दांडा उचल, सगळ्यांदेखत माझ्यामागून टेकव, आणि आईला काय वाटेल याची लाज बाळगू नकोस. मला वाईट वाटेल, पण वाईट वाटायला मी जिवंत असेन आणि तूही. इथे रीत अशी आहे की हॉलमध्ये ज्याच्या हातून चूक होते त्यानं बिअरचा क्रेट आणायचा, ‘क्रेट! क्रेट!’ असा एकच गिल्ला होतो. तुटका दांडा माझ्या हातात होता, पण गुरुवारी कोणीच ओरडलं नाही. बाईमाणूस, बॉस, परदेशी, म्हणून गप्प बसले असतील. त्या शांततेचीही मला भीती वाटली. काल हॉल बंद असताना, जन्मात बिअरला हात न लावलेली मी, ट्रामनं क्रेट घेऊन गेले. ट्राममधल्या एका म्हाताऱ्यानं क्रेटकडे बघून मला आदरानं जागा दिली. क्लेटच्या बाकाखाली क्रेट सरकवला आणि वर चिठ्ठी वगैरे काही न ठेवता घरी आले.

तुझीच,
आई