दोनशे बारा नंबरचा कागद

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, टेबलाखाली पेन पडलं होतं. एका वाकण्यात दोन कामं झाली.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ती मात्र कुरकुरत नाही. तू तीन वर्षांत आली नाहीस, हा विषय आमच्याकडे निघत नाही. बाबांचं कपाट तिने तुला न विचारता देऊन टाकलं, तू बोललीस, ती बोलली, आणि मग दोघींनी बोलणंच टाकलं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून दोघी माझ्यावरही चिडलात. ते असो. आज मी माझ्या नव्या नोकरीची हकिगत सांगायला बसलोय.

आपल्या भागातल्या सगळ्या सार्वजनिक सेवांनी, म्हणजे दवाखाना, बस, पाणीपुरवठा, अग्निशमन दल आणि वाचनालय यांनी, एका टेबलाशी बसून लोकांचं कल्याण आणि समानता यांचा पाच वर्षांचा आराखडा करायचा असं ठरलंय. त्याला संयुक्त मंडळ म्हणतात आणि त्याच्या सभांचं इतिवृत्त लिहायला मला नेमलंय. (कान देऊन ऐकण्याचं काम, आणि तेही माझ्याकडे! तू हसतेयस, ते मला इथून दिसतंय.) पहिले दोन महिने आराखड्यात कुणाचं नाव आधी घालायचं यातच गेले. अग्निशमन दलाच्या साहेबांचं म्हणणं, आम्ही सगळीकडेच आधी पोचतो. मग खुर्च्यांचा प्रश्न निघाला. एकाच खुर्चीला हात होते आणि तिच्यावर कोण बसणार यावरून रोज रुसवेफुगवे. शेवटी समानतेसाठी सुतार बोलावून त्या खुर्चीचे हात कापले. आता सगळेच सारखे अवघडून बसतात.

सभा दुपारी तीनला भरते. खिडकीतून ऊन येऊन टेबलावर लांबच लांब पसरतं, पंख्याखाली कागद जरासे उठतात आणि पुन्हा बसतात, आणि मी जातो. म्हणजे बसलेला असतो, पण जातो. मला दिसतं की हा सगळा भाग एक मोठं घर आहे. पाणीपुरवठ्याच्या बाई प्रत्येकाच्या उशाशी तांब्या ठेवत फिरतायत, बसवाले साहेब दारात उभे राहून सगळे आले का ते मोजतायत, आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई झोपलेल्यांच्या अंगावर पांघरूण ओढतायत. फार बरं वाटतं गं. पण हात लिहीतच असतो. एकदा भानावर येऊन बघतो तर मी लिहून ठेवलेलं, ‘प्रत्येक बसथांब्यावर एक गादी व एक उशी ठेवण्यात यावी.’ खोडणार इतक्यात अध्यक्षबाईंनी वही मागितली. पुढच्या सभेत ते वाचलं गेलं आणि एकमताने कायम झालं, कारण मागच्या वेळी आपण ऐकत नव्हतो हे कबूल कोण करणार? बसवाले साहेब सध्या उशांचे नमुने दाबून बघतायत.

त्यानंतर घरोघर एक कागद वाटला. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. प्रश्न एकच, तुम्हाला कशाची उणीव वाटते? अध्यक्षबाईंनी नियम घातलाय की कुणीतरी अंगावर घेतल्याशिवाय एकही कागद बंद करायचा नाही. आपल्या घरचा कागद मीच आईपुढे ठेवला होता. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, नळाला पाणी हळू येतं, तेवढंच.

परवा दोनशे बारा नंबरचा कागद वाचायला घेतला. त्यावर लिहिलं होतं, ‘थोरली लेक तीन वर्षं आली नाही. कपाटावरून. बाकी सगळं वेळेवर मिळतं.’

ताई, त्या दिवशी मी कुठेही गेलो नाही. एकेक शब्द ऐकला. बसवाल्या साहेबांनी विचारलं, थेट बस नसल्यामुळे येत नाही का, तसं असेल तर सुरू करतो. डॉक्टरीणबाईंनी त्या आईंचं वय किती असेल याचा अंदाज केला. अग्निशमनवाले म्हणाले, कपाट कुठे अडकलं असेल तर आम्ही खिडकीतून काढू. अर्धा तास चर्चा झाली, कुणीही हसलं नाही. मला फार लाज वाटली. तिच्याच घरात राहून मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, आणि हे परके लोक त्या बिनहातांच्या खुर्च्यांवर बसून तिच्यासाठी वाट शोधत होते.

शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे कुठल्याच खात्यात बसत नाही. पण त्या मुलीला कुणीतरी कळवायला हवं.”

“मी कळवतो,” मी म्हणालो.

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“थोडंफार,” मी म्हणालो. इतिवृत्तातही तसंच लिहिलंय.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र सरकारी समजावं. जावक क्रमांक मागे घातलाय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कागद पुन्हा सभेपुढे येईल, आणि अग्निशमनवाल्यांनी तुझा पत्ता आत्ताच मागितलाय. ते घंटा वाजवत येतात. त्यापेक्षा तूच ये. पत्र नको पाठवूस, ये.

आणखी ता. क. : यातलं आईला काहीच माहीत नाही, असं मी लिहिणार होतो. पण पाण्याचा पेला ठेवायला आली ती मागे बराच वेळ उभी राहिली. ऑफिसचं काम आहे म्हटलं. पाकीट घेऊन आत गेली आणि त्यावर तुझा पत्ता लिहूनच बाहेर आली. ताई, त्या पत्त्यावर तुम्ही गेल्या वर्षीच राहायला गेलात. तिला मी तुझा नवा पत्ता कधीच दिलेला नाही.