भिंतीपलीकडे उभा असलेला भाला परत आणण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
भूमापन कार्यालय,
जुन्या मैदानाच्या भिंतीला लागून.

विषय : माझ्या पत्नीने फेकलेला व आपल्या बागेत रुतलेला भाला मला स्वतः येऊन उपटू देण्याबाबत.

संदर्भ : १) ‘जैसे थे’ ठेवण्याबाबतचे आपले पत्र. २) आपल्या पहारेकऱ्याशी भिंतीवरून वेळोवेळी झालेले बोलणे.

महोदय,

१. आता औषधाचा उपयोग नाही, असे ज्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या पत्नीने आपल्या कार्यालयात भाला फेकला. या दोन गोष्टींचा संबंध आहे, पण आपल्या कार्यालयाने लावला तसा, रागाचा, नाही. माझे तोंड पाहून तिला सगळे कळले होते. जड वस्तू उचलू नका, असेही डॉक्टर म्हणाले होते. भाला जड नसतो, असे म्हणून तिने घरी येताच दारामागचा भाला काढला व आम्ही मैदानावर गेलो.

२. माझी पत्नी भालाफेकीत सलग काही वर्षे देशात पहिली होती. लहानपणी ती शेजाऱ्यांच्या झाडावरची फळे काठी फेकून पाडत असे. सासूबाईंकडे तक्रारी येत. पुढे बक्षिसे येऊ लागली तरी सासूबाई शेवटपर्यंत दार उघडताना आधी भांडणाच्या तयारीने उघडत. मी शिंपी आहे. क्रीडा मंडळाचे कपडे शिवायला घेतले तेव्हा हिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा भरला. मला वाटले टेप चुकला, म्हणून पुन्हा माप घेतले. तिसऱ्यांदा घेऊ लागलो तेव्हा ती म्हणाली, “मास्तर, लग्नच करा, म्हणजे रोज मोजता येईल.” ते आम्ही केले.

३. लग्नानंतर कामाची वाटणी ठरली. तिने फेकायचा, मी आणायचा. दुकान उघडण्याआधी व बंद केल्यावर मी मैदानावर भाल्यामागे चालत असे. मैदानावरच्या मुली मला ‘परतफेड भावोजी’ म्हणत. मेहुणा म्हणे, तुमची बायको लांब फेकते यात तुमचेच नुकसान आहे. ते खरे होते. ती जितकी मोठी झाली तितके मला जास्त चालावे लागले. तिने स्पर्धा सोडल्यावर चालणे कमी झाले, पण मला ते आवडले नाही.

४. आपल्या पत्रात ‘कार्यालयावर भाला टाकण्यात आला’ असे म्हटले आहे. याबाबत नम्रपणे कळवतो की आपली भिंत जिथे आहे तिथे पूर्वी मैदान होते. तिच्या ऐन उमेदीतल्या विक्रमाचे निशाण आपल्या सायकल स्टँडच्या जागी लागले होते. जागेची मोजणी आपल्याच कार्यालयाने केल्यामुळे त्यावर मी बोलणे बरोबर नाही. परंतु भाला आपल्या कार्यालयात आला नसून आपले कार्यालय भाल्याखाली आले आहे, याची नोंद व्हावी.

५. भाला जमिनीला टेकेपर्यंत फेकणाऱ्याने धावपट्टी सोडायची नाही, असा या खेळाचा नियम आहे. त्या संध्याकाळी भाला भिंतीपलीकडे गेला व दिसेनासा झाला. ती जागेवरून हलेना. उभे राहण्याचे बळ नव्हते, तरी माझा हातही तिने धरला नाही. मग पलीकडून आपला पहारेकरी ओरडला, “कोण आहे रे तिकडे?” तेव्हा ती म्हणाली, “पडला. चला.” आपल्या पहारेकऱ्याचे यासाठी आभार मानायचे राहून गेले होते.

६. दुसऱ्या दिवशी मी भाला मागायला आलो. मोठ्या बाबूंनी त्याची नोंद ‘शस्त्र’ अशी केली होती व परवाना मागितला. हा खेळाचा भाला आहे, असे मी म्हणालो. ते म्हणाले, भाला म्हणजे भालाच ना? पुढच्या खेपेस त्यांनी फेकणाऱ्या व्यक्तीस हजर करा असे सांगितले. ती अंथरुणावरून उठू शकत नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, “मग फेकला कसा?” हा प्रश्न मी घरी येऊन तिला सांगितला. त्या आठवड्यात ती एवढीच हसली. तिने बाबूंना नमस्कार सांगितला होता, तो या अर्जाद्वारे पोहोचवत आहे.

७. त्यानंतर पंचनामा होईपर्यंत भाला आहे तिथेच राहील, असे आपले पत्र आले. माझी पत्नी रोज विचारत असे, “आणलात का?” मी म्हणे, उद्या. शेवटी शेवटी तिचे बोलणे कमी झाले, पण हे विचारणे थांबले नाही. मग तीही थांबली. आता आपल्याकडून कळवले आहे की फेकणारी व्यक्ती हयात नसल्याने वस्तू बेवारस झाली असून मोडक्या खुर्च्यांबरोबर तिचा लिलाव होईल. महोदय, ती बेवारस नाही. मी आहे.

८. भिंतीवरून पाहिले असता भाला अजून उभा दिसतो. आपल्या माळीबुवांनी त्यावर वेल चढवला आहे. वेलाला इजा होऊ नये म्हणून मी येताना तेवढ्याच उंचीचा बांबू आणीन, वेल त्यावर बांधून देईन व मगच भाला उपटीन. खड्डाही बुजवीन. शिपायाकरवी भाला दारात आणून दिल्यास मात्र माझे काम होणार नाही. मला तो पडल्या जागेवरून आणायचा आहे, चालत. अंतराच्या मोजणीची मागणी नाही.

९. भाल्यासाठी मी शिवलेली खोळ घरी दारामागे रिकामी लटकत आहे. तिने फेकलेला प्रत्येक भाला मी आणला. हा एक आणायचा राहिला आहे.

आपला नम्र,
भिंतीअलीकडचा शिंपी
(सही)

दिनांक : सोमवार, लिलावाच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) भाल्यासह पत्नीचा फोटो (पाहून परत मिळावा).