पहिली पेंढी

रविवार, १२ मार्च

पाळकांनी पहाटे टेकडीवरून शिंग फुंकलं आणि अर्धं गाव फावडी घेऊन आलं!

यात कुणाची चूक नाही. इथे शिंग वाजलं की घरटी एकाने अवजार घेऊन जमायचं. पाट उपसायचा असतो, रस्त्यातले खड्डे बुजवायचे असतात, एखाद्या विधवेचं छप्पर शाकारायचं असतं. पणजोबांच्या आधीपासूनची रीत. आमच्या चर्चचे पाळक एलिसेओ शहरातले, त्यांना ती कोण सांगणार? त्यांचं शिंग मेंढ्याचं, यरुशलेमच्या सहलीत घेतलेलं. आमचं बैलाचं. आवाजातला फरक गाढवालाही कळणार नाही.

"हे काम नाही, बंधूंनो! हे परमेश्वराचं बोलावणं आहे!"

"म्हणजे फावडी परत न्यायची?" प्लासिदोकाकांनी विचारलं. काका कॅथॉलिक आहेत. पण शिंग ते शिंग.

मग आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, घोषणा झाली. यंदापासून ईस्टर बंद. अंडी आणि ससे मूर्तिपूजकांचे. (गावात ससा कुणी पाहिलेला नाही. गिनीपिग आहेत, ते आम्ही खातो.) त्याऐवजी शास्त्रातला खरा सण — प्रथमफळाचा. वल्हांडण या यहुदी सणानंतरच्या शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या, दुसऱ्या दिवशी जवाची पहिली पेंढी परमेश्वरापुढे ओवाळायची. त्याच दिवशी प्रभू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, म्हणून तो प्रथमफळ.

सगळे आमेन म्हणाले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, जव कुठे आहेत?

मंगळवार, १४ मार्च

जव सगळे लावतात. पण दाणा भरायच्या आत हिरवेच कापून गाईंना घालतात. या उंचीवर दाण्याची वाट बघणं म्हणजे गारपिटीला आमंत्रण. तळ्याकाठी यंदा एकच शेत उभं आहे. माझं.

आज पाळक बांधावर येऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "भगिनी तेओदोरा, परमेश्वराने हे राखून ठेवलं!"

परमेश्वराने नाही, मी ठेवलं. जानेवारीच्या शेवटी माझा नवरा सेवेरो होडी घेऊन तळ्यापलीकडे पेरू देशाच्या किनाऱ्याला निघाला, तेव्हा म्हणाला होता, "मी आल्यावर कापू. तोवर हात लावू नकोस." वादळ झालं. होडी सापडली, उलटी. तो सापडला नाही. म्हणजे तो कुठेतरी आहे.

गावाची दोन मतं आहेत. एक, बुडाला. दुसरं, पलीकडे त्याची कुणीतरी आहे. दुसरं मत मला जास्त आवडतं. त्यात तो जेवतो तरी.

पाळकांना नाही म्हणाले.

रविवार, १९ मार्च

पेंढी ओवाळेपर्यंत नव्या पिकातलं काहीही तोंडात घालायचं नाही. शास्त्रात तसं स्पष्ट आहे. पाळकांनी मोठ्याने वाचलं.

मग वन्सं उठल्या. बासिलिया, सेवेरोची थोरली बहीण. त्यांना उठायला वेळ लागतो, बसायला त्याहून जास्त.

"पाळकसाहेब, नवा बटाटा पोटात जाऊन महिना झाला. आता बाहेर काढायचा कसा?"

पाळकांनी पानं उलटली. पुढे गेले, मागे आले. "शास्त्रात बटाट्याचा उल्लेख नाही."

"किन्वाचा?"

"नाही."

"गोठ्यातल्या लामाच्या मटणाचा?"

"तेही नाही, ताई."

आम्ही जे खाऊन जगतो त्यातलं जवळपास काहीच शास्त्रात नाही. त्यामुळे सगळे निर्दोष सुटले. आनंदाने टाळ्या!

बुधवार, २२ मार्च

वन्सं दारात, मागे त्यांची गाय.

"माझ्या गाईची हाडं मोजता येताहेत, आणि तू वैरण उन्हात वाळवतेस!"

"धान्य आहे ते."

"कुणासाठी?"

मग त्यांनी खरा विषय काढला. सेवेरोचे कपडे. माणूस गेला की आठव्या दिवशी घरच्यांनी कपडे तळ्यावर नेऊन धुवायचे, मग जाळायचे. नाहीतर त्याला वाट सापडत नाही.

"त्याला घरची वाट माहीत आहे, वन्सं."

"अगं, माणसाने किती हट्टी असावं!"

"तुमच्याच घरात शिकले."

गाय जाता जाता बांधावरची चार कणसं खाऊन गेली. पाळकांना कळवायला हवं. पहिलं फळ तिने घेतलं.

रविवार, २६ मार्च

आज पडदा लावून चित्रं दाखवली. वसंत ऋतू. डोंगरभर फुलं, कोकरं, पिवळे जव. बाहेर हिवाळ्याची चाहूल; पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यात ऋतू उलटे. सकाळी घागरीतल्या पाण्यावर बर्फाची काच धरली होती.

"हे कुठल्या महिन्यातलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ह्याच. सण वसंतातलाच आहे."

"मग आपलंच काहीतरी चुकतंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. या मंडळीला अपराधी वाटायला फार कारण लागत नाही.

पाळकांनी अर्थ सांगितला. एक पेंढी आधी. ती देवाने घेतली म्हणजे सगळं शेत घेतलं. ख्रिस्त आधी उठला. बाकीचे त्याच्या मागून. पेंढी आत आली म्हणून कापणी संपत नाही, तिथून सुरू होते. आणि पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या दोन भाकरी, त्या मात्र खमीर घातलेल्या. त्या भाकरी म्हणजे आपण. जसे आहोत तसे, फुगलेले.

उपमा चांगली आहे. शाळेत मी साहित्य शिकवते. अशी उपमा मिळाली तर तास भरून निघतो. कबूल करायला हवं.

वन्सं उभ्या राहिल्या. "म्हणजे माझे आईबाप अजून शेतातच उभे आहेत?"

"तसं म्हणा, ताई."

"एवढ्या गारांत?"

"देव राखतो."

"आणि सेवेरोही." माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"सेवेरो पलीकडच्या किनाऱ्याला आहे," मी म्हणाले.

"कुणाकडे?" बायकांच्या बाजूने कुजबुज आली, आणि हसू.

मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला — आमेन! न मेलेला माणूस घरी येईल — बिचारी!

शुक्रवार, ३१ मार्च

दाणा दातांखाली कडक लागतो. पिकले. मी एकच चावला, शास्त्राविरुद्ध.

बुधवार, ५ एप्रिल

वल्हांडणाचं जेवण देवळात. कोकरू चांगलं शिजलं होतं. बेखमीर भाकरी म्हणून दुकानातली खारी बिस्किटं. शास्त्रात सांगितलेली कडू भाजी शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

पाळकांनी एक खुर्ची रिकामी ठेवली. एलिया संदेष्ट्यासाठी. तिच्यापुढे ताट, पेला. दारही उघडं ठेवलं, वारा सुरीसारखा आत येत होता. हजारो वर्षांपूर्वी गेलेला माणूस आज येईल म्हणून चाळीसजण कुडकुडत बसले. मी घरी सेवेरोचं ताट वाढते तर तीच माणसं डोक्याजवळ बोट फिरवतात.

दारातून एक कुत्रं आलं. त्याला हाड मिळालं.

शेवटी पाळकांनी प्रार्थनेत 'महानिद्रा घेतलेले आमचे बंधू सेवेरो' असं म्हटलं. मी उठून बाहेर आले. ते मागून आले, डोक्यावर झालरीची शाल, तिच्यावर लोकरी टोपी.

"भगिनी, तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"तो झोपलेला नाही."

"बरं. पण एक पेंढी द्या. फक्त एक. तुमचं शेत तुमचंच राहील."

थंडी होती. ते कापत होते. माणूस वाईट नाही. नुसता सहलीहून आलेला आहे.

"मी माझ्या हाताने कापीन," म्हटलं. "बांधाच्या कडेची. बाकीच्याला कुणी शिवायचं नाही."

"शब्द देतो!"

शनिवार, ८ एप्रिल

विळ्याला धार लावली. उद्या एक मूठ. सेवेरोला सांगेन, हात लावला नाही, बोटं लावली.

रविवार, ९ एप्रिल

आमचा प्रथमफळाचा रविवार आणि कॅथॉलिकांचा ईस्टर एकाच दिवशी आला. पाळकांनी पंचांग पाहिलं होतं, पण शेजाऱ्यांचं नाही.

मी चूल पेटवत होते. टेकडीवर शिंग वाजलं. पाळकांना आनंद आवरला नाही, एवढंच. लांबलचक, तीनदा.

शेताशी पोचले तेव्हा शेतात माणसांची रांग होती. वाकलेल्या पाठी. विळे. प्लासिदोकाका पुढे, अंगात ईस्टरच्या मिरवणुकीचा कोट. कॅथॉलिक, आमचे, कुठलेच नसलेले, सगळे. शिंग वाजलं, कापणीचे दिवस आहेत, आणि गावात एकच शेत उभं आहे. कुठे जायचं ते विचारायची गरज नव्हती. विधवेचं शेत सगळ्यांनी मिळून कापायचं असतं.

ती विधवा मी!

"थांबा!" मी ओरडले. कॅथॉलिकांच्या घंटा वाजत होत्या. काकांनी हात हलवला. त्यांना वाटलं, मी आभार मानतेय.

इतकी माणसं, एवढंसं शेत. माझ्या पायांनी बांध ओलांडेपर्यंत अर्धं आडवं झालं होतं. मी उरलेल्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या कडेने कापलं, जपून, पाय लागू न देता.

"किती दिवस वाट बघत होतो, बाई," काका म्हणाले, "कुणीतरी शिंग फुंकावं म्हणून. तुम्ही तोंडाने सांगणाऱ्यांतल्या नाही. आम्ही आपणहून कसं यायचं?"

मी आडव्या पडलेल्या ओळी मोजत राहिले.

पाळक टेकडीवरून धावत आले, शाल हातात. "एक! फक्त एक! पहिली!"

"पहिली कुठली ते आता कसं सांगू, पाळकसाहेब? सगळ्या बरोबरच पडल्या," काका म्हणाले.

पाळक माझ्याकडे बघेनात.

मग बायका पुढे आल्या. पेंढ्यांना रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या, काकांच्या टोपीवर रंगीत चुरा उधळला. कार्निव्हलमध्ये नव्या पिकाला करतात तसंच, रीतसर. शेताच्या चार कोपऱ्यांवर दारू शिंपडायची असते. आमच्या मंडळीला दारू वर्ज्य, म्हणून पपईचा सोडा शिंपडला. वन्संनी सर्वांत मोठी पेंढी उचलली, विणलेल्या चादरीत पाठीला बांधली आणि नाचायला लागल्या.

"ताई, ओवाळायची! नाचवायची नाही!"

"हात दुखतात हो. पाठ धड आहे."

"हे मूर्तिपूजकांचं आहे!"

"देवाला दिसतंय ना? मग झालं."

पाळकांनी डोळे मिटले, वन्संच्या पाठीकडे तोंड केलं आणि पेंढीसाठी प्रार्थना केली. पेंढी वर-खाली, डावी-उजवी हलत होती. शास्त्रात याहून जास्त काही मागितलेलं नाही.

सगळ्यांनी शिदोऱ्या सोडून धसकटांत जेवण मांडलं. मी बसले. जेवले नाही.

सोमवार, १० एप्रिल

त्याने सांगितलं होतं, हात लावू नकोस. मी लावला नाही.

बुधवार, १२ एप्रिल

वन्सं भाजलेले जव घेऊन आल्या. गाईला पेंढा मिळालाय, तिचं पोट भरलंय, हे आधी सांगितलं.

"तोंड पाडून किती दिवस बसणार? जव कापायलाच असतात."

"तुम्ही त्याला पुरून टाकलंत, वन्सं. सगळ्यांनी मिळून. गात गात."

"पुरायला मिळाला असता तर!"

आणि त्या जमिनीवर बसल्या. एकदम, उठायचा विचार न करता. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. सेवेरोची होडी आली त्या दिवशीही त्या होडीतलं पाणी उपसत होत्या.

"मी त्याला पाठीवर घेऊन वाढवला," म्हणाल्या. "तू म्हणतेस तो येईल. मी म्हणते तो उठेल. दोघींत वेडी कोण, देव जाणे. पण मला घाई नाही, तेओदोरा. तू रोज दार बघतेस. मला ते बघवत नाही."

दोघींनी जव चावले.

त्यांना उठवायला दोन्ही हात लागले.

रविवार, १६ एप्रिल

पाळकांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी शिंग फुंकण्यापूर्वी सूचना दिली जाईल. पन्नासाव्या दिवसाच्या भाकऱ्या करायच्या आहेत, पण गावातला भट्टीवाला कॅथॉलिक. त्याचं खमीर चालेल का, यावर दीर्घ चर्चा. निर्णय झाला नाही.

संध्याकाळी सेवेरोचं ताट वाढलं. वाऱ्याने दार आपटलं. मी उठले नाही, नुसती वळले.

बुधवार, १९ एप्रिल

तळ्याने सेवेरोला परत दिलं. काकांना लव्हाळ्यांत सापडला. थंड पाण्याने त्याला जपून ठेवलं होतं. ओळखायला वन्सं पुढे झाल्या, मी त्यांना मागे सारलं. तोच.

कपडे दोघींनी मिळून धुतले.

आजपर्यंत मला पुनरुत्थान नको होतं. नवरा घरी यायला हवा होता. तो आला.

पाळकांना सांगितलं, उद्या मातीत ठेवताना तो प्रथमफळाचा भाग वाचा. उपमा समजावून सांगू नका. नुसतं वाचा.