मूसच्या शिकारीला सोबत कोण

लूसियन,

आपल्या छोट्या ओडेटला पुन्हा ताप आलाय, डॉक्टरकडे नेतेय. तू घाबरू नकोस, घाबरायला मी आहे. सूप गरम करून घे.

मेन राज्यातल्या मूस-शिकारीच्या सोडतीचा अर्ज आजच भरायचाय. आपण आता परराज्यातले, आपल्या वाट्याला परवाने थोडेच. तेव्हा ‘मादीही चालेल’ असं सांग. एवढ्या अवाढव्य हरणाची शिंगं काही शिजत नाहीत. आणि सोबतचा शिकारी म्हणून नेहमीच्या डेरिलऐवजी तुझ्या बाबांचं नाव घाल. डेरिल रुसला तर रुसू दे. परवा फोनवर बाबा म्हणाले, “काय गं पोरी, यंदा कुणाला नेतोय तो?” आणि लगेच हवेबद्दल बोलू लागले. पुढच्या वर्षी त्यांचे पाय साथ देतील असं मला वाटत नाही.

त्यांना फोन तूच कर. ‘तुम्हाला नेतो’ म्हणू नकोस. ‘वाट दाखवायला या’ म्हण.

मर्लीन