फेब्रुवारीच्या पानावरचा उलटा झाडू

३ फेब्रुवारी १९९८, रथसप्तमी
हळदीकुंकू पार पडलं. धाकटी जाऊ तृप्ती जपानी चित्रांचं कॅलेंडर घेऊन आली. भाऊजींच्या कंपनीत फुकट मिळालेलं. बायकांना एकेक चित्र समजावत बसली. म्हणे, दारात चपलांचे दोन जोड म्हणजे आत दोघं आहेत. ओली छत्री म्हणजे कुणी चोरून भेटून आलंय. झाडू भिंतीशी उलटा उभा, वर फडकं, शेजारी वाकलेली बाई, म्हणजे पाहुण्यानं आता निघावं. मी विचारलं, फडकं धुतलेलं का? तर सगळ्यांसमोर, "ताई, मॅट्रिकला हे नव्हतं हो!" बायका हसल्या. माझाच तिळगूळ खाऊन.
बघून घेईन. सूड म्हणून नाही. देवाला माहीत आहे.

७ फेब्रुवारी
तिचं घर रंगवायला काढलंय. बॅगा घेऊन आमच्याकडे. "चारच दिवस हं, ताई."

११ फेब्रुवारी
चार झाले. रंगारी इगतपुरीला लग्नाला गेलाय म्हणे. हिचा गीझर तासभर चालू.
उलटा झाडू आठवला. पण झाडू म्हणजे लक्ष्मी. पाय लागला तरी मी नमस्कार करते, उलटा कसा उभा करू? मग सुचलं. चित्रातला मी थोडाच उलटा केलाय! कॅलेंडर सोफ्यासमोर टांगलं. अर्थ तिला पाठच आहे. उद्या दुपारपर्यंत जाईल.

१२ फेब्रुवारी, सकाळ
तृप्ती चित्राकडे बघतच राहिली. लागलं!
दुपार. गळ्यात पडली. "माझं कॅलेंडर हॉलमध्ये लावलंत, ताई!" मी म्हटलं, अर्थ आठवतोय ना? "तो पाहुण्यांना. मी काय पाहुणी आहे?"

१४ फेब्रुवारी
गुण यायला वेळ लागतो. चित्राला उदबत्ती ओवाळली.
केरफरशीची भागीबाई दोन दिवसांच्या रजेवरून आली ती उंबऱ्यातच थबकली. "वैनी, लक्षुमी डोक्यावर उभी केली? मी नाय केर काढनार हितं." समजावलं, जपानी आहे. "जपानची असंल नायतर पेठची, झाडू हाय ना?" गेली. बारा वर्षं कामाला होती.

१५ फेब्रुवारी
चित्र खोटं नव्हतं. माणूस चुकलं.
कॅलेंडर माळ्यावर टाकलं, भागीबाईला निरोप धाडला. ती आता तृप्तीच्या घरी लागलीय. रंगाचा पसारा आवरायला.

१६ फेब्रुवारी
केर मीच काढला. तृप्तीनं सोफ्यावर पाय वर घेतले. कॅलेंडर तिनं माळ्यावरून काढून पुन्हा लावलंय. म्हणाली, "ताई, अशाच वाकून थांबा! अगदी चित्रातल्या बाईसारख्या दिसताय."
थांबले. कंबर धरली होती.